माळवदातली संगीन : सोलापुरातील एका वाटणीचे प्रकरण

सोलापूरच्या साखर पेठेतील एक जुने माळवदाचे घर पाडून त्या जागी नवे बांधकाम करण्याचे ठरले. तुळया उतरवताना एका खणाच्या फळीमागे सुतळीने बांधलेली, चामडी म्यानासह एक संगीन सापडली. घराचे वारस तिघे होते. थोरले बंधू, ज्यांना सारे अण्णा म्हणतात, त्याच घरात राहत होते. मधली बहीण अक्का कुर्डुवाडीला दिलेली होती. आणि धाकटे बंधू नोकरीनिमित्त पुण्यात स्थायिक झालेले होते. तांब्या-पितळेची भांडी, एक शिसवी कपाट आणि हातमागाचे काही सुटे भाग यांची वाटणी फारशी कुरबूर न होता झाली, परंतु संगिनीपाशी गाडे अडले. अण्णांना ती घरात ठेवायची होती, आणि तसे असेल तर तिच्या किमतीचा दोन-तृतीयांश भाग त्यांनी आपल्याला आणि अक्काला द्यावा, असे धाकट्या बंधूंचे म्हणणे होते. मागणी रास्त होती, पण किंमत कोणती धरायची हा प्रश्न होता. धाकट्यांनी परदेशी विक्रीच्या एका संकेतस्थळावरून 800 डॉलरचा आकडा काढून त्याचे रुपये करून ठेवले होते. अण्णांच्या मते घराण्याच्या इतिहासाचे मोल पैशांत करता येत नसते, आणि म्हणून आपल्याकडून काहीही घेतले जाऊ नये.

मूल्यांकनाचा हेतू आधी ठरला पाहिजे, हे अशा प्रकरणांत सहसा विसरले जाते. वस्तू विकायची असेल तर ग्राहक प्रत्यक्षात काय देईल ते पाहावे लागते, आणि वाटणीत एकाने ठेवून इतरांना भरपाई द्यायची असेल तर तिघांनाही पटेल असा आधार असलेली रक्कम शोधावी लागते. येथे काम दुसऱ्या प्रकारचे होते, त्यामुळे कोणत्याही आकड्यापेक्षा त्या आकड्यामागची कारणे लेखी देणे महत्त्वाचे होते.

अण्णा मूल्यांकनासाठी संगीन पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन येणार होते. त्यांना तसे करू नका असे सांगून मीच त्यांच्या घरी गेलो. शस्त्र नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात तलवार, खंजीर, भाला यांच्याबरोबर संगिनीचे नाव स्पष्टपणे आलेले आहे. शिवाय सोलापूर शहरात सणावारांच्या आणि निवडणुकांच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शस्त्रे बाळगून फिरण्यास मनाई करणारे आदेश वरचेवर निघत असतात. गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीतून स्कूटरच्या डिकीत संगीन नेणाऱ्या माणसाला तिचे पुरातन मोल नाक्यावरच्या हवालदाराला समजावून सांगता येईल, असे मला वाटत नाही.

वस्तू प्रथमदर्शनी अशी होती. पोलादी पाते साधारण बारा इंच, म्हणजे सुमारे 305 मिलिमीटर. मुठीवर दोन स्क्रूंनी बसवलेल्या लाकडी पट्ट्या. मुठीच्या आडव्या गार्डला वरच्या बाजूला गोल कडी, आणि मुठीच्या टोकाशी दाबायचा खटका. ही कडी बंदुकीच्या नळीवर बसत असेल असा पाहणाऱ्याचा समज होतो, पण ब्रिटिश सैन्याच्या आखूड ली-एनफिल्ड रायफलीत ती नळीवर बसत नाही. नळीखालच्या नाकटोपणाला, म्हणजे रायफलीच्या पुढच्या टोकावरच्या धातूच्या टोपणाला, जो गोल खुंटीसारखा भाग असतो, त्यावर ती बसते, आणि मुठीतील खाच मागच्या पोलादी दांडीवर सरकून खटक्याने अडकते. त्यामुळे ही संगीन कोणत्या रायफलीची, याविषयी सुरुवातीपासूनच शंका नव्हती.

मुठीलगत पात्याचा जो बोथट, धार नसलेला भाग असतो, तेथे सारी कुंडली कोरलेली असते. एका अंगावर मुकुट, त्याखाली इंग्रजी ‘जी. आर.’, त्याखाली 1907, आणि त्याखाली बारीक आकडे व कारखान्याचे नाव. धाकट्या बंधूंनी आणि त्यांना फोनवर भेटलेल्या एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याने 1907 हे बनवण्याचे साल धरले होते. ते साल नमुन्याचे आहे. ब्रिटिश सैन्याने 1907 मध्ये जो नमुना मंजूर केला, त्याबरहुकूम पुढे कित्येक वर्षे बनलेल्या प्रत्येक संगिनीवर ते आहे. बनवण्याचा महिना आणि वर्ष त्याखालच्या बारीक आकड्यांत असते. येथे ते आकडे नुसत्या डोळ्यांना खरवडल्यासारखे दिसत होते. खोलीतला दिवा बंद करून टॉर्चचा प्रकाश पात्याला जवळजवळ समांतर, अगदी तिरपा धरला, तेव्हा 4 आणि त्यापुढे 17 वर आले. म्हणजे एप्रिल 1917. खालचे नाव सँडरसन, इंग्लंडमधील शेफील्ड शहरातील कारखान्याचे. ‘जी. आर.’ म्हणजे तेव्हाचे राजे पाचवे जॉर्ज. ती कोणा अधिकाऱ्याची आद्याक्षरे नव्हेत, आणि मुकुट आहे म्हणून संगीन कोणा मोठ्या माणसाची ठरत नाही. तो ठसा साध्या शिपायाच्या संगिनीवरही असतो.

दुसऱ्या अंगावर एक फुलीसारखी खूण होती. पाते दोन्ही बाजूंना वाकवून ते पुन्हा सरळ होते की नाही, ही चाचणी उत्तीर्ण झाल्याची ती खूण असते. तिच्याजवळ तपासनिसांचे लहान शिक्के होते, आणि त्यांच्याहून वेगळ्या हाताने मारलेला, बाणाच्या खुणेखाली इंग्रजी ‘आय’ असलेला एक ठसा होता. हा हिंदुस्थान सरकारच्या शस्त्रसाठ्याचा ठसा. शेफील्डमध्ये जन्मलेली ही संगीन हिंदुस्थानच्या सरकारी मालकीत आली होती, एवढे त्यावरून निश्चित झाले. मुठीच्या टोकावर चार आकडी क्रमांक होता, पण पलटणीची अक्षरे नव्हती. पलटण ओळखता आली असती तर किमतीत फरक पडला असता. नुसता क्रमांक शस्त्रागाराच्या हिशेबापुरता असतो.

घरातली कथा अशी होती. मे 1930 मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, पोलीस मागे हटले, काही दिवस शहराचा कारभार लोकांच्या हाती होता, आणि त्यानंतर मार्शल लॉ पुकारून लष्कर उतरवले गेले. त्या धामधुमीत एका गोऱ्या सोल्जराच्या हातून पडलेली संगीन आजोबांनी उचलून माळवदात दडवली, असे अक्का आणि अण्णा लहानपणापासून ऐकत आले होते. याच प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिले गेले, त्या आठवणींशी या कथेचा धागा जोडलेला असल्यामुळे तिला हात लावणे सोपे नव्हते. सोलापुरातल्या जुन्या घरांत मार्शल लॉची अशी एखादी तरी गोष्ट सांगितली जाते, आणि सगळ्याच खोट्या असतात असे मानण्याचे कारण नाही. परंतु कथेमुळे किंमत वाढणार असेल, तर त्या कथेला वस्तूचा दुजोरा लागतो.

वरवर पाहता दुजोरा होता. 1917 ची संगीन 1930 मध्ये सैन्यात असणे पूर्णपणे शक्य आहे. अडचण पात्याच्या लांबीची होती. 1907 च्या नमुन्याचे पाते बारा इंचाचे नसते; ते सतरा इंचाचे, सुमारे 432 मिलिमीटरचे असते. त्यामागे कारण आहे. नवी ली-एनफिल्ड रायफल आधीच्या लांब रायफलींपेक्षा आखूड झाली, तिच्यावर 1903 च्या नमुन्याची बारा इंची संगीन लावली की शिपायाची पोच कमी पडते अशी तक्रार झाली, आणि जपानी सैन्याच्या अरिसाका रायफलीची लांब संगीन समोर ठेवून सतरा इंची नमुना ठरवण्यात आला. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वारे उलटे वाहू लागले. मोटारगाड्यांतून आणि झाडीतून वावरणाऱ्या शिपायाला ते लांब पाते अडचणीचे होऊ लागले, तेव्हा हिंदुस्थानात बारा इंची संगिनी बनू लागल्या आणि जुनी सतरा इंची पातीही कापून बारा इंचांवर आणली गेली. तेव्हा समोरचे पाते सरकारी कारखान्यात आखूड झाले असेल, तर ते 1930 पासून साखर पेठेतल्या माळवदात असू शकत नव्हते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या ठरणे अशक्य होते.

यावर अण्णांनी काढलेला मुद्दा बिनतोड होता. ‘आजोबांनी एखाद्या लोहाराकडून आखूड करून घेतली नसेल कशावरून?’ सोलापुरात गिरण्यांमुळे लोखंडकाम करणाऱ्या कारागिरांची वाण कधीच नव्हती, आणि लपवायला सोपी जावी म्हणून कोणी पाते कापून घेणे असंभव नाही. म्हणून सारे प्रकरण एकाच प्रश्नावर येऊन ठेपले : पाते कोणी कापले?

पात्याच्या अंगावर जी लांब पन्हळ असते, ती मूळ सतरा इंची पात्यात टोकाच्या बरीच आधी संपते. पाते बारा इंचांवर कापले की ती थेट नव्या टोकापर्यंत जाऊन भिडते, आणि येथे तसेच झाले होते. पण हे लोहाराने कापले तरी होणारच, त्यामुळे पन्हळीवरून निर्णय लागत नव्हता. टोकाची घासणी दोन्ही अंगांनी सारखी आणि सरळ होती. ती कुशल हाताची होती एवढे म्हणता येत होते, पण कुशल हात गिरणीच्या टूलरूममध्येही होते. मी स्वतः तेथेच उमेदवारी केली आहे, तेव्हा ही शक्यता मी हलक्याने सोडणार नव्हतो.

म्यानाने पहिला स्पष्ट संकेत दिला. चामडे खालून कापून आखूड केलेले होते आणि टोकाची पोलादी टोपी नव्या लांबीवर पुन्हा बसवलेली होती. टोपीखालची शिवण वरच्या मूळ शिवणीहून वेगळ्या दोऱ्याची, पण एकसारख्या टाक्यांची होती. माळवदात लपवण्यासाठी पाते कापणारा माणूस म्यानाची एवढी नीट बेगमी करील, हे पटण्यासारखे नाही. तरीही हा तर्क होता, पुरावा नव्हे.

पुरावा पात्याच्या एका अंगावर मिळाला, आणि दुसऱ्या अंगावर तो नष्ट झालेला होता. संगीन सापडल्यावर अण्णांच्या मुलाने उत्साहाने एमरी पेपर घेऊन ठशांच्या तारखेकडचे अंग चकचकीत करायला घेतले होते. बारीक आकडे खरवडल्यासारखे दिसत होते ते यामुळेच. सुदैवाने अक्काने त्याला अर्ध्यावर थांबवले, आणि दुसरे अंग जसेच्या तसे राहिले. त्या न घासलेल्या अंगावर काळसर रंगाचा जुना थर होता. भिंगाखाली पाहिले असता तो थर मूळ पात्यावर, पन्हळीच्या आत आणि नव्याने घासलेल्या टोकाच्या उतारावर अखंड, एकसलग होता. तोच थर गार्डच्या आतल्या कोपऱ्यात आणि लाकडी पट्ट्यांच्या कडेखाली शिरलेला होता. अर्थ असा की पाते कापून, घासून झाल्यावर मूठ उघडून सबंध संगिनीला रंग दिला गेला आणि मग लाकडी पट्ट्या बसवल्या गेल्या. कापणे, घासणे, रंगवणे, म्यान जुळवणे ही सारी साखळी शस्त्रदुरुस्तीच्या कारखान्याची असते. लोहाराने कापलेल्या पात्यावर जुना थर कापल्या जागी तुटलेला दिसतो, आणि टोकावर उघडे पोलाद किंवा तेथेच चढलेला नवा गंज असतो.

यावरून माझा निष्कर्ष असा झाला की पाते 1917 मध्ये शेफील्डला बनले, हिंदुस्थानच्या साठ्यात आले, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आखूड करून पुन्हा वापरात आले, आणि त्यानंतर कधीतरी या घरात पोहोचले. 1930 च्या घटनेशी या विशिष्ट वस्तूचा संबंध जोडता येत नाही. अण्णा काही वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, ‘मग आजोबांनी उचलली ती वेगळी असंल.’ तसे असू शकते, आणि त्यावर वाद घालण्याचे कारण नव्हते.

दरम्यान त्या बाहेरगावच्या व्यापाऱ्याने धाकट्या बंधूंना एक सूचना केली होती. 1907 च्या नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींना गार्डच्या खालच्या टोकाशी पुढे वळलेली आकडी असे. 1913 मध्ये ती नमुन्यातून काढून टाकली गेली आणि पुष्कळशा जुन्या संगिनींवरची आकडी दुरुस्तीच्या वेळी कापण्यात आली, त्यामुळे मूळ आकडी शाबूत असलेली संगीन संग्राहकांना हवी असते आणि तिला साध्या संगिनीच्या कित्येक पट भाव येतो. धाकट्यांनी पाहिलेला 800 डॉलरचा आकडा अशाच संगिनीचा होता. ‘आकडी पुन्हा बसवून देतो, मग बघा,’ असे तो व्यापारी म्हणत होता. बसवलेली आकडी ओळखण्यासाठी सहसा जोडाची रेघ, डाखाचा वेगळा रंग किंवा गार्डच्या वळणातला बेढबपणा शोधावा लागतो. येथे तेवढी मेहनतही नको होती. शेफील्डमध्ये 1917 साली बनलेल्या या संगिनीला आकडी कधी नव्हतीच, तेव्हा ती बसवली असती तर पात्यावरची तारीखच फसवणुकीची साक्षीदार झाली असती. मुठीच्या टोकाला आरपार असलेले, चिखल-घाण बाहेर पडण्यासाठीचे भोकही पहिल्या महायुद्धाच्या मध्यावर नमुन्यात आलेले आहे. आकडी आणि मूळचे भोक एकत्र दिसले तर जाणकाराने थांबून विचार केलाच पाहिजे, जरी जुन्या आकडीच्या संगिनीला नंतर भोक पाडल्याची खरी उदाहरणेही असतात.

आता किमतीकडे. परदेशात 1907 च्या नमुन्याची साधी, पूर्ण लांबीची, म्यानासह संगीन सर्वसाधारणपणे 100 ते 200 डॉलरच्या आसपास मिळते, आणि हिंदुस्थानात आखूड केलेली बहुधा त्याच्या निम्म्याने. संग्राहक कापलेल्या पात्याला कमी लेखतात. मला व्यक्तिशः ते पटत नाही, कारण आखूड केलेल्या संगिनीत दोन महायुद्धांचा आणि हिंदुस्थानी शस्त्रागाराचा इतिहास एकाच पात्यात वाचता येतो. पण मूल्यांकन करणाऱ्याची आवड भावात धरायची नसते. त्यातून घासलेल्या अंगामुळे माझ्या अंदाजाने एक-तृतीयांश मोल गेले होते. पुरातन पोलादाचा मुरलेला काळसरपणा एकदा उतरला की परत येत नाही, आणि नवी चमक पाहून भाव वाढवणारा ग्राहक जाणकार नसतो.

मुख्य गोष्ट अशी की परदेशातला भाव गुणिले विनिमय दर हा हिशेबच येथे लागू नाही. 1972 च्या पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियमानुसार ऐतिहासिक महत्त्वाची, शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरते. तिची खासगी निर्यात करता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. नोंदणी सक्तीची आहे ती प्रामुख्याने शिल्पे, चित्रे, हस्तलिखिते अशा वर्गांना, संगिनीला नाही. पण निर्यातीचा अडसर त्यामुळे हटत नाही. या पात्याचे जन्मवर्ष धरले तर शंभरी 2017 मध्ये भरली. आजचे रूप धरले तर ती अजून भरलेली नाही. यातले कोणते धरायचे हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने सांगायचे, आणि त्यांचा निर्णय येईपर्यंत वस्तू पुरावस्तूच आहे असे धरून चालावे, असे मी लिहून दिले. उलट धरून चूक झाली तर तिची शिक्षा तुरुंगापर्यंत जाते.

शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मध्ये कालबाह्य किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट देणारा जो मजकूर आहे, त्याचा हवाला धाकट्या बंधूंनी दिला. त्या मजकुरात पुढे ‘बंदूक म्हणून वापरता येणार नाही’ अशी अट आहे, आणि ती पात्याच्या शस्त्राला कशी लावायची हा वकिलाचा विषय आहे. घरातल्या घरात अर्थ लावून निर्धास्त राहण्यापेक्षा पोलीस आयुक्तालयाकडे छायाचित्रांसह लेखी अर्ज देऊन सूचना मागणे बरे, यावर तिघांचे एकमत झाले. अण्णांनी तो अर्ज देऊन पोच घेतली.

वाटणीसाठी 4,500 रुपये ही रक्कम ठरली. ती बाजारभाव नाही, कारण मोकळा बाजारच नाही. आखूड केलेल्या संगिनीचा परदेशातला भाव वरच्या मर्यादेसाठी पाहून, घासलेल्या अंगाची वजावट करून आणि विक्रीवरच्या निर्बंधांचा विचार करून तिघांनी मान्य केलेला तो आकडा आहे. धाकट्यांना तो फार कमी वाटला, अण्णांना थोडा जास्त, आणि अक्काने दोघांना गप्प केले.

जतनासाठी सूचना थोड्याच होत्या. न घासलेल्या अंगाला हात लावू नये. घासलेल्या अंगावर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. पाते म्यानात ठेवू नये, कारण कमावलेल्या चामड्यात राहिलेली रसायने आणि पावसाळ्यात धरलेली ओल पोलादाला गंज आणते. दोन्ही शेजारी शेजारी सुती कापडात गुंडाळावीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात चामडे तडकते, म्हणून म्यान पत्र्याच्या छपराखाली ठेवू नये. म्यानाला जवसाचे तेल चोपडण्याचा अण्णांचा बेत होता, तो मी मोडला. ते तेल लाकडी मुठीला चालते, चामड्यावर मात्र चिकट थर धरते.

वाटणीपत्रात वस्तूचे वर्णन लिहिताना पहिल्या मसुद्यात ‘मार्शल लॉच्या काळातील संगीन’ असे शब्द होते. ते खोडून ‘1907 च्या नमुन्याची, एप्रिल 1917 चा ठसा असलेली, नंतर बारा इंचांवर आणलेली संगीन, म्यानासह’ असे लिहिले गेले, आणि सोबत दोन्ही अंगांची छायाचित्रे जोडली गेली. अक्काने मात्र आग्रह धरून खाली वेगळी ओळ घालायला लावली : आजोबांनी 1930 मध्ये संगीन उचलल्याचे कुटुंबात सांगितले जाते, परंतु ती हीच असल्याचे आढळलेले नाही. धाकट्या बंधूंनी या ओळीवर हरकत घेतली नाही. त्यांना 1,500 रुपये मिळाले आणि अक्काने आपले 1,500 अण्णांच्या नातवाच्या हातावर ठेवले.